दोनशे फुटांवर ‘बघू’ चालत नाही

विमान शिकवणाऱ्याकडं विमान नसलं की त्याच्याकडं किस्से साचतात. आमच्या क्लासमध्ये एक कॉम्प्युटर, एक जॉयस्टिक, माझा लॅपटॉप आणि एक पंखा आहे. किस्से मात्र ठेवायला जागा नाही.

जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानावर ही खोली आहे. विमानांना रेडिओवरून वाट दाखवणारे जे कंट्रोलर असतात, त्यांच्या परीक्षेची तयारी मी इथं करून घेतो. पायलटची अडचण कळावी म्हणून पोरांना कॉम्प्युटरच्या सिम्युलेटरवर विमानही चालवायला लावतो. आकाश काही फक्त महानगरांवर पसरलेलं नाही, एवढंच माझं म्हणणं. विद्यार्थी तीन : खालच्या दुकानदाराचा इम्रान, घनसावंगीचा भास्कर आणि हसनाबादची प्रज्ञा. लेखी परीक्षा पास झाली एकटी प्रज्ञा. तिची व्हॉइस टेस्ट तेवढी राहिली होती, आणि घरी तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती. दोन्हींतलं आधी काय होतं, इकडं आमच्या सगळ्यांचे डोळे लागले होते.

०

बोर्डावर मी ‘इन्स्ट्रुमेंट फ्लाइंगचे क्लास’ लिहायला सांगितलं होतं. पेंटरला जागा कमी पडली. त्यानं ‘इन्स्ट्रुमेंटचे क्लास’ एवढंच रंगवलं. दुसऱ्याच दिवशी एक बाई मुलीला घेऊन वर आल्या.

“पेटी शिकवता का तबला?”

“दोन्ही नाही. विमानातली इन्स्ट्रुमेंट. विमान ढगात शिरलं की बाहेरचं काही दिसत नाही. तेव्हा फक्त समोरच्या काट्यांकडं बघून चालवायचं.”

बाईंनी क्षणभर विचार केला.

“आमचे हे मोटरसायकल तशीच चालवतात. ते तर काट्याकडं बी बघत न्हाईत!”

०

आपल्या भाषेत समजलेलं कायमचं समजतं, यावर माझा ठाम विश्वास आहे. म्हणून मी सगळ्या संज्ञांचं मराठी करायला घेतलं. धावपट्टीकडं उतरत येणारी ठरावीक तिरपी वाट, म्हणजे ग्लाइड स्लोप. फळ्यावर मी लिहिलं, ‘घसरवाट’.

भास्करनं हात वर केला. “सर, पायलट म्हणला, ‘मी घसरवाटेला लागलो’, तर टॉवरनं अँब्युलन्स पाठवायची का?”

फळा पुसला. पुढची संज्ञा, होल्डिंग. उतरायला जागा मोकळी नसली की एकाच ठिकाणी चकरा मारत थांबायचं.

“हे मला येतं सर,” भास्कर म्हणाला. “घनसावंगीची जीप. सीटा भरेपर्यंत स्टँडला चकरा.”

“होल्डिंगमध्ये पुढची वेळ सांगावी लागते,” मी वैतागून म्हणालो. “तुमच्या जीपमध्ये कोण सांगतं?”

“ड्रायव्हर सांगतो ना! ‘बस, निघूनच राह्यलो!’”

०

इम्रानचा त्रास वेगळा. कंट्रोलरनं सूचना दिली की पायलटनं ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, याला रीडबॅक म्हणतात. नुसतं हो म्हणून भागत नाही. इम्रान प्रत्येक सूचनेला म्हणायचा, “बराबर.”

“तीन हजार फुटांवर या.”

“बराबर.”

“काय बराबर?”

“तुम्ही म्हणले ते.”

शेवटी मी फर्मान काढलं, आठवडाभर क्लासमध्ये, घरी, दुकानात, जो जे बोलेल ते मोठ्यानं परत म्हणायचं. पोरगं प्रामाणिक. दुकानात एका गिऱ्हाइकानं घासाघीस करत आपला भाव सांगितला. इम्राननं तोच भाव स्पष्ट आवाजात परत म्हणून दाखवला. गिऱ्हाइकानं तेवढे पैसे ठेवले आणि तागा काखेत मारून चालतं झालं.

संध्याकाळी त्याचे अब्बा वर आले. आवाज अगदी शांत.

“सर, इसकू उडाना है तो उडाओ. मगर दुकान में नक्को.”

०

ढगातून उतरताना एक उंची ठरलेली असते, डिसिजन हाइट. साधारण दोनशे फूट. तिथं पोचल्यावर धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाही दिसली तर पुन्हा वर जायचं. तिसरा पर्याय नाही. एवढं मी तीनदा सांगितलं आणि भास्करला सिम्युलेटरवर बसवलं.

“दोनशे फूट! उतरणार की वर जाणार?”

भास्करनं स्क्रीनकडं पाहिलं.

“बघू.”

मी खुर्चीवरून उठलो. या एका शब्दानं आपल्या भागाचं किती नुकसान केलंय, यावर मी बराच वेळ बोललो. तोवर विमान जमिनीत गेलेलं होतं.

“सर,” भास्कर म्हणाला, “तुमचं भाषण संपायची वाट बघत होतो.”

०

प्रज्ञाला सगळं येत होतं. हुकूम सोडता येत नव्हता. कंट्रोलरच्या आवाजात अधिकार लागतो, आणि व्हॉइस टेस्टमध्ये नेमका आवाजच बघतात. प्रज्ञा विमानाला म्हणायची, “जरा डावीकडं वळता का?”

“प्रज्ञा, विमान आहे ते. पाहुणा नाही!”

“पण सर, आतला पायलट वयानं मोठा असला तर?”

०

आणि मग एका दुपारी प्रज्ञाचे वडील क्लासवर आले. आबा. टोपी गुडघ्यावर ठेवून बाकावर बसले.

“सर, गुरुवारी पाव्हणे येऊन राह्यले पोरीला बघायला. तुमची टेस्ट बी गुरुवारीच हाय म्हनं. ती काय जाणार न्हाई. तेवढंच सांगायला आल्तो.”

मी सुरू झालो. मुलींचं शिक्षण, समान संधी, आकाश. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

“तुमचं बिलकुल बराबर हाय सर. पर ही बोलणार अन् ती मोठी मोठी विमानं ऐकणार? घरात मांजर ऐकत न्हाई हिचं.”

प्रज्ञा उठली.

“आबा, त्या खुर्चीवर बसा.”

“कशाला?”

“बसा तर.”

आबा सिम्युलेटरसमोर बसले. ट्रॅक्टर चालवलेला माणूस, जॉयस्टिकची काठी धरायला घाबरला नाही. मी स्क्रीनवर दाट धुकं सोडलं. पुढं नुसतं पांढरं. प्रज्ञानं माझा लॅपटॉप ओढून घेतला. त्यावर तिला रडारसारखी आबांचं विमान आणि धावपट्टी, दोन्ही दिसत होती.

या उतरण्याला रडार अप्रोच म्हणतात. पायलटला काहीच दिसत नसतं, कंट्रोलर रडारवर बघून त्याला शेवटपर्यंत बोलत बोलत खाली आणतो. कंट्रोलरचं बोलणं तुटून चालत नाही, म्हणून इथं रीडबॅकसुद्धा बंद. त्यासाठी एक ठरलेलं वाक्य आहे. प्रज्ञानं ते म्हटलं.

“यापुढं उत्तर देऊ नका.”

आबांनी वळून पाहिलं. “आं? कुणाला म्हणून राह्यली?”

“समोर बघा. यापुढं उत्तर देऊ नका.”

उभ्या हसनाबादेत आबांना असं कुणी म्हटलेलं नसणार. त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं. समोर बघितलं.

“थोडं उजवीकडं. आणखी. मध्यावर आलात. उंची जास्त आहे, खाली या. हळू. डावीकडं जाताय, उजवीकडं घ्या.”

‘आबा’ नाही, ‘जरा’ नाही, ‘वळता का’ नाही. पंख्याचा आवाज आणि तिचा आवाज. आबांच्या कपाळावर घाम आला. इम्रान आणि भास्कर खुर्चीमागं येऊन उभे. मी पहिल्यांदाच गप्प होतो.

“दोनशे फूट. दिवे दिसत नसतील तर वर जा.”

धुकं फाटलं. धावपट्टीचे दिवे दिसले. विमान दोनदा उसळलं, गवतात जाऊन थांबलं. चाकं जागेवर होती.

आबांनी काठी सोडली आणि पाणी मागितलं. ग्लास तोंडाला लावला तोच त्यांच्या खिशातला फोन वाजला. प्रज्ञाचे मामा. स्थळ त्यांनीच आणलेलं.

“हां, बोला,” आबा म्हणाले. “गुरुवारी नका आणू पाव्हण्यांला. न्हाई, कुणी आजारी न्हाई. पोरगी टेस्टला चालली.”

पलीकडून मामांचा आवाज चढला. खोलीच्या दारापर्यंत ऐकू येत होता. आबांनी फोन कानापासून जरा लांब धरला, मग पुन्हा जवळ आणला.

“यापुढं उत्तर देऊ नका,” आबा म्हणाले, आणि फोन ठेवला.