सत्यभामाबाईंचा पासवर्ड

साखरखेर्ड्याच्या आमच्या शेतकरी कंपनीत सत्यभामाबाई मिरचीचं बियाणं तोलून घेतात आणि कॉम्प्युटरवर चढवतात. बाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. कोणाच्या सुनेला कितवा महिना, कोणाची म्हैस आटली, सगळं न विचारता सांगतात. आम्ही त्यांना आकाशवाणी म्हणतो, आणि त्यांनाही ते आवडतं.

अशा ऑफिसात कॉम्प्युटर आणि मोबाइल सांभाळायला डिंपल आली. पाहते तर सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड, तोही स्क्रीनला चिकटवलेला. दसऱ्याच्या पूजेत त्या चिठ्ठीलाही हळदकुंकू लागलं होतं. पोरीनं कपाळाला हात लावला. चिठ्ठी फाडली, लग्नाच्या गाण्यांचे पेनड्राइव्ह जप्त केले, ऑफिसच्या मोबाइलना लॉक घातलं. मग प्रत्येकाला म्हणाली, "जीव गेला तरी जे कोनाले सांगनार नाही, ते टाका."

सत्यभामाबाईंकडे असं एकच होतं. त्यांनी नवऱ्याचं नाव टाकलं, भगवंतराव. लग्न झाल्यापासून ते नाव त्यांनी उखाण्याशिवाय तोंडातून काढलेलं नाही. रेशनच्या दुकानातसुद्धा शेजारणीला सांगायला लावतात.

एका दुपारी त्यांना फोन आला. "सॉफ्टवेअर कंपनीतून बोलतोय. पासवर्ड सांगा, नाहीतर तुमचं खातं बंद पडेल." होता चोर, आणि त्या खात्यात आमच्या साऱ्या शेतकऱ्यांचे बँकेचे नंबर होते. बाईंचा मात्र पुरता विश्वास बसला. फोन त्यांनी स्पीकरवर टाकला.

"सांगते ना बापू. पन मले ते बोलता येत नाही."

"का?"

"आमच्या अविनाशच्या बाबाचं नाव हाये ते."

"मग तेच सांगा."

"असं कसं नाव घेऊ? आग्रह तं करा थोडा."

चोर चिकाटीचा निघाला. "घ्या ना नाव, मावशी," म्हणाला. बाई लाजल्या. नाव घेणं चाललंय हे ऐकून पॅकिंगमधल्या बाया हातातलं काम टाकून धावल्या आणि काही न विचारता एका सुरात सुरू झाल्या, "नाव घ्या, नाव घ्या." मीही ओरडलो, खोटं कशाला बोलू. बाईंनी डोक्यावर पदर घेतला, घसा साफ केला.

"सावलीत वाळवलं मिरचीचं बी..."

गलका ऐकून डिंपल आत आली. "कोन हाये फोनवर?"

"सॉफ्टवेअरवाले भाऊ. पासवर्ड मागून राह्यले."

डिंपलनं झेप घेऊन फोन कापला. "चोर होता तो!" तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि आम्ही सगळे गार झालो.

"मावशी, नवऱ्याचं नाव ठेवते का कोनी? चोर पयले तेच टाकून पाह्यते."

"दुसरं काही राह्यलं असतं, तं मी कवाच सांगून बसली असती," बाई म्हणाल्या.

हसू मग कोणालाच आवरेना, डिंपललाही. पण अर्धा उखाणा बायांना पचेना. त्यांनी पुरा करायलाच लावला: "भगवंतरावांच्या घराची किल्ली मी." झालं, पासवर्ड सगळ्या ऑफिसनं ऐकला. डिंपलनं बाईंना तिथंच पासवर्ड बदलायला लावला, आणि आम्हा सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

संध्याकाळी भगवंतराव बाईंना न्यायला मोटरसायकल घेऊन आले. "काका, आज तुमच्यामुळं कंपनी वाचली," डिंपल म्हणाली आणि तिनं सगळं सांगितलं. भगवंतराव कानापर्यंत लाल झाले. गाडीचा आरसाच पुसत राहिले.

"मंग आता नवा कोनता टाकला?" त्यांनी हळूच विचारलं.

आकाशवाणी मागं बसली, पदर खोचला.

"तुमाले काऊन सांगू?" म्हणाली. "चला आता."