यादीबाहेरचं मशीन

जामखेडचं आमचं रेडिमेड कपड्यांचं दुकान बुडालं, तेव्हा ते माझ्या नावावर होतं. बाईच्या नावावर कर्ज लवकर मिळतं, हे नवऱ्याचं डोकं. त्यामुळे नगरच्या कोर्टात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्जही मलाच करावा लागला.

बातमी कळताच तिसगावची थोरली नणंद आली. "कोर्टाची मानसं समदं नेत्यात. भांडीबी ठेवत न्हाईत. तुजं शिवनाचं मशीन तेवढं माज्याकडं टाक," म्हणाली. दुकान काढण्याआधी त्याच मशीनवर ब्लाउज शिवून मी घर चालवलं होतं. ते हाताशी राहिलं तर पोटापुरतं पुन्हा मिळवीन, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वकिलांना आधी विचारावं ही अक्कल मला आणि नवऱ्याला, दोघांनाही सुचली नाही. भरदुपारी, गल्ली झोपलेली बघून, मशीन जुन्या साडीत गुंडाळून टेम्पोत चढवलं.

पुढच्या आठवड्यात वकिलांनी यादी करायला घेतली. कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र, हे तुमच्याकडेच राहील म्हणाले. ऐकून मला हायसं वाटलं आणि लगेच नणंदेचा राग आला.

"तुम्ही शिवणकाम करायचात ना? मशीन आहे?"

चोरी पकडली गेल्यासारखी मी दचकले आणि "नाही" म्हणून मोकळी झाले. नवरा खाली मान घालून बसला. यादीखाली मी शपथेवर सही केली.

तारखेला माझ्याआधी एका सुताराचा पुकारा झाला. त्याचे रंधे, करवती, पटाश्या त्याच्याकडेच राहिल्या. बाहेर आल्यावर मी वकिलांना हळूच विचारलं.

"कारागिराची हत्यारं कायदा सोडतो. तुमचं मशीन असतं तर तेही सुटलं असतं." मग ते माझ्याकडे बघतच राहिले. "कुठे ठेवलंय का? आता निघालं तर लपवलं असं ठरेल. अर्ज तर जाईलच, वर खोट्या शपथेचं लचांड."

मी दुसऱ्यांदा नाही म्हणाले. त्या दिवशी मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

मला नादार ठरवल्यावर काही महिने गेले. आता कोण बघतंय, असं म्हणून मी तिसगावला गेले. मशीन ओसरीत मांडलेलं होतं आणि नणंदेची सून त्यावर शिवत होती. शेजारी ब्लाउजपिसांचा ढीग. चहा झाल्यावर मी विषय काढला.

नणंद शांतपणे म्हणाली, "कोर्टात न्हाई म्हनून सही केलीस नव्हं? मग आता तुजं कसं?"

तिच्या भावाने, म्हणजे माझ्याच नवऱ्याने, तिला सगळं सांगितलेलं होतं. मी भांडले, ओरडले, रडलेही. तिला काही फरक पडला नाही. तक्रार करायला मी कुठे जाणार होते? ज्या कोर्टाला घाबरून मशीन तिच्याकडे टाकलं, त्याच कोर्टात माझ्या सहीने ते नव्हतंच.

सुनेने मशीन थांबवलं. "मामी, लग्नसराई हाय. हुक लावायला मानूस मिळंना. आजच्याला बसता का? पैसं देईन मी."

रिकाम्या हाताने घरी जायची हिंमत नव्हती. मी तिच्या पायाशी जमिनीवर बसले आणि सुईत दोरा ओवला.