सायीच्या रंगाच्या सीटा

सेबोवाला गाडीच्या इंजिनातलं फारसं कळत नाही, हे तो स्वतःच कबूल करायचा. पण गाडीत बसण्याचं सुख त्याच्याइतकं म्पिगी गावच्या टॅक्सी थांब्यावर कुणाला कळत नाही, असं त्याचं मत होतं. मी त्याच थांब्यावर चहा आणि तळलेला कसावा विकते. जुळ्यांची आई म्हणून सगळे मला नालोंगो म्हणतात. कुणाची नवी गाडी आली की सेबोवा हातातला चहा अर्धा टाकून उठायचा, मालकाला न विचारता मागचं दार उघडायचा आणि आत बसून डोळे मिटायचा.

"गुडघे टेकतात," असा निकाल यायचा. "या गाडीत नवरा-बायकोनं भांडू नये. तोंड फिरवायलासुद्धा जागा नाही."

छोट्या गाडीला तो खुराडं म्हणायचा. जीप त्याला मुळीच पसंत नव्हती. म्हणायचा, "पायघोळ गोमेसी नेसलेल्या बाईनं त्या उंच पायरीवर चढायचं कसं? एका हातानं दार धरायचं, एका हातानं कमरेचा पट्टा. मग अब्रू कुठल्या हातानं सांभाळायची, सांग नालोंगो?"

"तुझी जीभ रिकामीच असते, ती लाव कामाला," मी म्हणायचे, आणि गडी खो खो हसायचा. बोलघेवडा होता, पण मनानं वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला नाही नाही ते बोलाल. मीही बोलले आहे.

बरीच वर्षं त्याच्याकडे जुनी नोहा गाडी होती. तीन ओळींची, सरकत्या दाराची, आणि सीटा अशा की उतरल्यावर माणूस कंबर चोळत चालायचा. पण तिचा एक गुण सगळ्यांवर भारी होता. आमच्यात जावयानं सासूला शिवायचं नाही, शेजारी बसायचं नाही, नजरेला नजर द्यायची नाही. त्या नोहात सासूबाई नबाकोझा शेवटच्या ओळीत बसायच्या, मधल्या ओळीत सेबोवाची बायको नाकिट्टो आणि पोरं, पुढे तो स्वतः. आरसासुद्धा छताकडे वळवून ठेवायचा. म्हातारी मागून लेकीला म्हणायची, "तुझ्या नवऱ्याला सांग, गाडी जपून चालवतो हो." मग नाकिट्टो तो निरोप पुढे द्यायची, आणि सेबोवा आत्ताच ऐकल्यासारखा खूश व्हायचा.

मग त्यानं नोहा विकून दोनच ओळींची प्रीमियो घेतली. लग्नाची गिऱ्हाइकं मिळतात म्हणाला. तिच्या सीटा सायीच्या रंगाच्या आणि बसलं की अंग सोडावं अशा मऊ. त्यानं वरचं प्लॅस्टिकसुद्धा बरेच दिवस काढलं नाही. माझी बोटं तेलकट म्हणून मला एकदा गाडीच्या दारातून परत पाठवलं. नाकिट्टोनं एवढंच विचारलं, "आई आली तर कुठं बसणार?"

"आई काय रोज येते? आली की किगोझीची नोहा मागून आणू," तो म्हणाला. किगोझी हा थांब्यावरचाच दुसरा ड्रायव्हर.

सासूबाई आल्या, आणि त्या वेळी त्या खरंच किगोझीच्या नोहातून आल्या. पण दोन-चार दिवसांनी दुपारी थांब्यावर नाकिट्टोचा फोन आला. आई स्वयंपाकघरामागं घसरून पडली होती. सेबोवानं गाडी काढली. मी टोपलीवर फडकं टाकलं आणि त्याच्याबरोबर निघाले. त्या दिवशी माझ्या बोटांचं त्याला भान नव्हतं.

म्हातारी केळीच्या सालांच्या ढिगाजवळ पडली होती. खुबा मोडला होता, हे बघताच कळत होतं. कपाळातून रक्त वाहत होतं आणि वेदनेनं तिला आवरलं नव्हतं, गोमेसी ओली, घाण झाली होती. नाकिट्टो तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. सेबोवा रिवाजाप्रमाणे फणसाच्या झाडाआड तोंड फिरवून उभा राहिला.

मी म्हटलं, "अरे, दार उघड. आम्ही दोघी पायांकडून उचलतो. तू पलीकडच्या दारानं आत शिर आणि खांद्यांना धरून ओढून घे."

त्यानं दार उघडलं. आधी सीटकडं बघितलं. मग म्हातारीच्या गोमेसीकडं. मग पुन्हा सीटकडं. माझे डोळे अजून शाबूत आहेत, मी ते बघितलं.

"मी कसा शिवू?" तो म्हणाला. "रिवाज आहे. आणि या दारातून त्यांना आडवं घेता येणार नाही. मी किगोझीची नोहा घेऊन येतो. ऐसपैस आहे."

"रक्त वाहतंय तिथं रिवाज थांबतो, सेबोवा. सीटवर केळीची पानं अंथर हवं तर."

पण तो गाडीत बसलासुद्धा. प्रीमियो गेली आणि अंगणात आम्ही तिघी उरलो. नाकिट्टो रडत म्हणाली, "त्यांना रिवाजाचं फार आहे, नालोंगो." मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात म्हातारी डोळे मिटूनच बोलली, "हो गं. पाळू दे त्याला." तिनंही ते बघितलं होतं. लाजेनं माझी मान खाली गेली, आणि माझा तर त्यात काही दोषही नव्हता.

किगोझी मयताला गेला होता म्हणे, त्याला शोधण्यात सेबोवाचा वेळ गेला. इकडे म्हातारीचे ओठ पांढरे पडायला लागले. शेवटी मी रस्त्यावर जाऊन केळीच्या घडांनी भरलेला एक पिकअप अडवला. त्या अनोळखी माणसांनी काही विचारलं नाही. अर्धे घड रस्त्याकडेला उतरवले, पानं अंथरली आणि चौघांनी मिळून तिला अलगद वर घेतलं. कुणाचा शर्ट खराब झाला, कुणी बघितलं नाही.

उघड्या पिकअपमधून आम्ही म्पिगीच्या भर बाजारातून गेलो. "कुणाची म्हातारी?" "सेबोवाची सासू." "मग त्याची ती गाडी कुठं आहे?" हे सगळं आम्हाला ऐकू येत होतं.

बाजार संपला आणि मागून किगोझीची नोहा आली. आत सेबोवा एकटा. तिन्ही ओळी रिकाम्या. रस्ता अरुंद, त्याला पुढेही जाता येईना आणि थांबायचंही धाडस होईना, म्हणून तो आमच्या मागं मागं येत राहिला. म्हातारीचं तोंड त्याच्याकडेच होतं. खुब्याला हिसका बसू नये म्हणून तिनं एका हातानं पिकअपची कड घट्ट धरली होती. जावई दिसताच तिनं ती कड सोडली आणि अंगावरचं फडकं तोंडावर ओढून घेतलं. पुढच्या खड्ड्यात तिची किंकाळी फडक्याखालून आली.

दवाखान्याच्या ओसरीवर स्ट्रेचर आलं. तिथल्या माणसानं आम्हाला बघितलं, मग खांबाशी उभ्या असलेल्या सेबोवाला.

"तुम्ही यांचे कोण?"

सेबोवानं जमिनीकडं बघितलं. "ड्रायव्हर," तो म्हणाला.

नाकिट्टोचं रडणं जागच्या जागी थांबलं. फडक्याखालून म्हातारीचा आवाज आला, "नाकिट्टो, तुझ्या नवऱ्याला सांग, मी तोंड झाकलंय. आता खरं काय ते बोलू दे."

तो निरोप पुढे द्यावा लागला नाही.

"जावई," सेबोवा म्हणाला. इतकं हळू की त्या माणसानं पुन्हा विचारलं. मग सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं त्यानं सांगितलं, पुढे आला आणि म्हातारीला उचलायला वाकला.

नाकिट्टोनं त्याचा हात बाजूला केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "रिवाज आहे ना."