तुरट पाला

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो माझ्या थोरल्या वहिनींचा. लग्न होऊन त्या आमच्या गावी, पासलीला आल्या तेव्हा मी पाचवीत होतो. शाळा सुटली की म्हशींमागं जायचं काम माझ्याकडं असे. ते त्यांनी कुणी न सांगता स्वतःकडं घेतलं. "भावजी, तुमी वाचत बसा. म्हशी काय मला खात न्हाईत," एवढंच म्हणाल्या. पुढं मी भोरला राहून बारावी केली आणि पशुवैद्य झालो. घरातला पहिला पदवीधर.

मी नोकरी करतो त्या प्राणिसंग्रहालयात आफ्रिकेतल्या काळ्या गेंड्याची एक मादी होती. गेल्या हिवाळ्यात तिचं खाणं सुटलं. लघवी कोऱ्या चहासारखी गडद होऊ लागली, म्हणजे अंगातल्या तांबड्या पेशी फुटत होत्या. तिला सांभाळणारा तिची मान खाजवत उभा राही आणि मी कानाच्या शिरेतून रक्त घेई. दर खेपेला ते अधिक पातळ दिसे. तपासणीत हिमोग्लोबिन घसरलेलं, फॉस्फरस फार कमी. लोह मात्र भलतंच वाढलेलं.

काळा गेंडा गवतावर जगणारा नाही. त्याचा वरचा ओठ टोकदार असतो, बोटासारखा फांदीभोवती वळतो. रानात तो झुडपांचा पाला खातो. त्या पाल्यातला तुरटपणा अन्नातलं लोह पोटातच धरून ठेवतो आणि शेणावाटे बाहेर काढतो, असं मानतात. आमच्याकडं तिला लसूणघास आणि पोत्यातला खुराक मिळे. त्यात तो तुरटपणा नव्हता. लोह यकृतात साचत गेलं होतं. ते उतरवायचा एक उपाय म्हणजे अंगातलं रक्त काढणं. पण काढण्याइतकं रक्त तिच्यात उरलंच नव्हतं. फॉस्फरस देत होतो, सलाईन चालू होतं. त्यापुढं काय करावं ते मला सुचत नव्हतं.

शेवटी साहेबांची परवानगी घेऊन मी पाल्यासाठी गावी गेलो. ओसरीवर बसून वहिनींना सगळं सांगितलं.

"आंगात लोखंड लई, मग रक्त कमी कसं?" त्यांनी विचारलं.

"लोखंड हाय, पन ते यकृतात अडकलंय."

"म्हंजी घरात भात भरलाय आन किल्ली हरवलीय." त्या उठल्या, फळीवरच्या मिठाच्या बरणीमागून लाल गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन आल्या. त्यांचंही रक्त कमी, म्हणून आरोग्य केंद्राच्या आशाताईनं दिलेल्या लोहाच्या गोळ्या. चढ चढताना त्यांना धाप लागते. "ह्या न्या तिला. मला ह्यांनी बरं वाटतंय. मी मागून घेईन दुसऱ्या."

माझा आवाज चढला. "वहिनी, लोखंड म्हंजी विष हाय विष!"

त्यांनी पट्ट्या परत ठेवल्या. मग कोयता काढला.

जांभूळ आणि ऐन या तुरट पाल्याच्या झाडांच्या फांद्या आम्ही तोडल्या. आमच्याकडची लाल मातीसुद्धा लोहाची, म्हणून वहिनींनी एकेक फांदी ओढ्यात बुचकळून धुतली. दुधाच्या टेम्पोत पाला भरून निघालो. वाटेत मार्गासनीला चहासाठी थांबलो, तर टपरीवाला म्हणाला, "डॉक्टर, शेळ्या पाळल्या वाटतं?"

"न्हाई, गेंडा."

"शेळीला गेंडा म्हनायचं आता!"

मादीनं जांभळाची फांदी हुंगली. ओठ हळू वळला, एक डहाळी मोडली. सांभाळणारा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. दुसऱ्या दिवशीही तिनं खाल्लं. मी वहिनींना फोन लावला. आमच्या गावात पारावर तेवढी रेंज येते आणि तिथं बोललेलं सगळा गाव ऐकतो.

"खाती का?" त्या ओरडल्या.

"खातेय!"

"मीबी त्या गोळ्या चुलीत टाकल्या बगा. तुमीच म्हनला, विष हाय."

मी काही बोलायच्या आत रेंज गेली. पुन्हा फोन लावला, तो लागलाच नाही. तेवढ्यात मादी खाली बसली, ती पुन्हा उठली नाही. संध्याकाळी तिचा श्वास थांबला. शवविच्छेदन मीच केलं. नंतर हे पत्र लिहिलं आणि दुधाच्या टेम्पोवाल्याच्या हाती दिलं.

वहिनी,

ती गेली. पाला चांगला होता, धुतलाही तुम्ही चांगला. पण उशीर फार झाला होता. तिचं यकृत मी पाहिलं, लोहानं काळपट झालेलं. त्यापुढं दोन दिवसांचा पाला काय करणार? तरी शेवटचं जे तिनं आवडीनं खाल्लं ते आपल्या ओढ्याकाठचं जांभूळ होतं. हे तुम्हाला कळावं.

आता माझं ऐका. मी तुमच्यावर ओरडलो, ते तिच्याबद्दल होतं. लोह तिला विष होतं. तुम्हाला नाही. तुमच्या रक्तात ते खरोखर कमी आहे. आशाताईकडून आजच्या आज नव्या गोळ्या आणा आणि जेवल्यावर घ्या. त्यावर चहा पिऊ नका, चहाही तुरटच. कोण काय म्हणेल त्याचा विचार करू नका. मी म्हटलं तरी सोडू नका.

एकीला मी वाचवू शकलो नाही. तुम्हाला धाप लागलेली मला बघवत नाही. गोळ्या सुरू केल्यात की पारावर येऊन फक्त "व्हय" म्हणा, रेंज तेवढी पुरेल.

तुमचा भावजी