ज्यांनी मला उचललं त्यांचा सत्कार

"गाडी भाहेर लावा."

वॉचमन मला म्हणाला. मी मागं वळून पाहिलं. मागं स्कूटर नव्हती, सायकल नव्हती. तो माझ्या खुर्चीबद्दल बोलत होता. चाकाच्या खुर्चीबद्दल, जिच्यात मी बसले होते.

"ही भाहेर ठिवली तर मी आत कशी जाऊ?"

"ते मला काय म्हाईत? आत गाडी न्यायची न्हाई. बोर्ड वाचा की."

बोर्ड होता खरा. वाहने आत नेण्यास सक्त मनाई. माझ्यासोबत शबाना होती. आम्ही दोघी एकाच ठिकाणी टायपिंग करतो. तिला असलं सहन होत नाही. ती म्हणाली, "मामा, ही गाडी हाय का? मग तुमचे पाय भी भाहेर काढून ठिवा आन् जावा आत." भेळवाल्यापाशी उभी असलेली माणसं हसली. वॉचमनही हसला. मला हसू आलं नाही, पण मी तोंड हसरं ठेवलं. तशी सवयच आहे.

कशानं झालं, हे मी सांगणार नाही. भेटणारा प्रत्येक माणूस आधी तेच विचारतो. रिक्षावाला विचारतो, भाजीवाली विचारते, एसटीत शेजारी बसलेली अनोळखी बाई नाव विचारायच्या आधी तेच विचारते. सांगून सांगून कंटाळले. मी मूळची जळकोटकडची. लातुरात दादाच्या घरी राहते आणि एका शिकवणीवाल्याकडं प्रश्नपत्रिका टाइप करते. खुर्ची माझ्या पगारातून घेतलेली आहे. एवढी ओळख पुरे.

बाग नवी होती. कारंजं होतं, त्यावर संध्याकाळी रंगीत दिवे आणि गाणी. अख्खं शहर लेकरं घेऊन जाऊन आलं होतं. शबाना म्हणाली, "किती दिवस फोनमध्येच बघतीस? रविवारी जाऊ." मलाही जायचं होतं. मोठं काही नव्हतं मनात. कारंज्यापुढं बसायचं, भेळ खायची, तोंडावर पाण्याचे तुषार घ्यायचे. त्यासाठी मी दुपारपासून पाणी प्यायले नव्हते. बाहेर पडायचं म्हटलं की मी पाणी पीत नाही. मला आत जाता येईल असं संडास-बाथरूम या गावात कुठं असेल तर मला तरी माहीत नाही.

बागेच्या तोंडाशी लोखंडी पाईप आडवेतिडवे रोवले होते. दुचाक्या आणि जनावरं आत शिरू नयेत म्हणून. धडधाकट माणूस अंग चोरून, एकदा इकडं एकदा तिकडं वळत आत जातो. माझी खुर्ची पहिल्याच वळणाला अडकली. शेजारी मोठं गेट होतं, त्याला कुलूप. "किल्ली साहेबाकडं असती," वॉचमन म्हणाला. साहेब रविवारी नसतात.

मी म्हणाले, "राहू दे, शबाना. परत जाऊ."

पण तोवर लोक जमले होते. कुणीतरी ओरडलं, "ए पोरांनो, या रे इकडं! ताईला उचला!"

तीन पोरं धावत आली. चांगल्या घरची, कॉलेजातली वाटली. "ताई, टेन्शन घेऊ नका," असं म्हणेपर्यंत एकानं मागून काखेत हात घातले, दुसऱ्यानं गुडघ्याखाली. तिसरा खुर्ची घ्यायला गेला. मी "थांबा" म्हणाले. खरंच म्हणाले. पण मला उचलायचं ठरल्यावर माझं कोण ऐकतं? ओढणी घसरली. कुर्ता वर चढला. पायातली एक चप्पल खाली पडली आणि एक लेकरू ती उंच धरून "चप्पल, चप्पल" ओरडत मागं पळालं. एक हात नको तिथं होता. चुकून असेल. नसेलही. विचारायची सोय नव्हती, कारण ते मदत करत होते.

आत नेऊन मला खुर्चीत टेकवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी म्हणाले, "थँक्यू, दादा. लई उपकार झाले."

हे वाक्य माझ्या तोंडात कायमचं बसलेलं आहे. हाडांच्या डॉक्टरचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. तिथं कंपाउंडर मला वर नेतो, त्याला थँक्यू. बँकेच्या पायऱ्यांवर शिपाई, त्याला थँक्यू. मावसबहिणीच्या लग्नात जेवणं वरच्या मजल्यावर होती, तिथं पाहुण्यांनी धरून नेलं, त्यांना थँक्यू. माझ्या वयाच्या बायका दिवसभर कितीतरी दारांतून आत-बाहेर करतात आणि कुणाचे आभार मानत नाहीत.

कारंजं सुरू व्हायला वेळ होता. आम्ही हिरवळीच्या कडेला बसलो. अंगावरून त्या हातांचा स्पर्श जात नव्हता. तेवढ्यात झाडांना पाणी घालणारा टँकर आला. वॉचमननं खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं, मोठं गेट सताड उघडलं. टँकर माझ्या समोरून आत गेला. कारंजं सुरू झालं, गाणी लागली, आणि मला त्यातलं काही आठवत नाही.

निघताना मी त्याला म्हणाले, "मामा, किल्ली तर तुमच्या खिशात हाय. उघडा की गेट."

"ते टँकरसाठी हाय, ताई. माझी नोकरी घालवता का?" मग त्यानं त्याच पोरांना हाक मारली.

दोन दिवसांनी शबानानं मला कामावर फोन दाखवला. आधी म्हणाली, "नको बघू." मग म्हणाली, "बघच."

व्हिडिओ होता. कुणी काढला कोण जाणे. वर लिहिलं होतं, माणुसकी अजून जिवंत आहे. मागं दुःखी बासरी. पोरं मला पाईपांवरून पलीकडं नेत आहेत, माझे पाय लोंबताहेत, कुर्ता वर गेलाय. खाली शेकडो लोकांनी हात जोडले होते. सलाम त्या तरुणांना. देव त्यांचं भलं करो. बाग, पाईप, कुलूप याबद्दल एक अक्षर नव्हतं. माझ्याबद्दलही नव्हतं तसं. मी त्यात सामान होते.

पण त्याचं मला एवढं लागलं नाही. मला लागलं ते माझं तोंड. मी हसत होते. दोन परक्या माणसांच्या हातात, अर्धी उघडी पडलेली, चारचौघांसमोर, मी हसत होते. मान थोडी कलती करून, डोळे बारीक करून, उपकार झालेल्या माणसानं हसावं तसं. मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. पुन्हा तेच हसू. हे हसू मला कुणी शिकवलं? मारून शिकवलं नाही. असं नाही हसलं तर पुढच्या वेळी कुणी उचलणार नाही, या भीतीनं मीच शिकले. मला त्या बाईची शिसारी आली. आणि त्याहून जास्त कीव आली.

त्या संध्याकाळी दादा खूश होऊन घरी आला. आमच्या भागातल्या पुढाऱ्यांचा, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात त्यांचा, दादाला फोन आला होता. त्या तीन पोरांचा सत्कार ठेवला होता. मंडप, हार, शाल. आणि पोरांना शाल मी द्यायची, आभाराचे दोन शब्द मी बोलायचे.

"मी न्हाई येणार," मी म्हणाले.

दादाचा चेहरा उतरला. दादाचा उसाच्या रसाचा गाडा आहे. चौकातली ती जागा भाऊंच्या शब्दावर टिकलेली. भाऊंनी नजर फिरवली तर गाडा उचलायला अर्धा दिवसही लागणार नाही, हे आम्हाला घरात सगळ्यांना माहीत आहे. दादा म्हणाला, "दोन शब्द तर बोलायचेत. त्यात काय जातंय तुझं?"

वहिनी भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "वन्सं, तुमचं दुखणं कळतंय मला. पर गाड्यावर लेकरांचं चालतंय."

मी गेले. खोटं कशाला बोलू, मी आभार मानायच्याच तयारीनं गेले. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होते. वहिनीनं माझ्या केसांना तेल लावून वेणी घातली होती. दादानं नवा शर्ट घातला होता.

मंडपात गर्दी होती. स्टेज उंच, त्याला लाकडी पायऱ्या. मी खाली, पहिल्या रांगेच्या बाजूला. पोरं वर बसली होती, नीट भांग पाडून. पोरं वाईट नव्हती, हे मला आजही म्हणायचं आहे. त्यातला एक माझ्याकडं बघायचा आणि मान खाली घालायचा.

भाषणं झाली. मग भाऊ माईकवर म्हणाले, "आता आपल्या ताई या पोरांचे आभार मानतील. चला रे पोरांनो, घ्या ताईला वर!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिघं उठले. बाह्या सारत पायऱ्या उतरू लागले. दोघांनी फोन समोर धरले, पुन्हा व्हिडिओ. काखेत हात जाणार होते, गुडघ्याखाली हात जाणार होते, आणि मी हसणार होते. माझी मान आपोआप कलायला लागली. मला ते जाणवलं. आपलीच मान आपल्याला न विचारता कलते आहे.

मी खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावले. चाकं घट्ट धरली.

"हात लावू नका."

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. पोरं थबकली. मागून दादा म्हणाला, "अगं, काय करायलीस?" भाऊ वरून हसत म्हणाले, "ताई लाजल्या. द्या, माईक खाली द्या त्यांना."

माईक हातात आला. जुळवलेली वाक्यं निघून गेली होती. मी जे बोलले ते तोडकंमोडकं होतं, पण तसंच लिहिते.

"मी बागेत कारंजं बघायला आलते. मला कुणी उचलावं म्हणून न्हाई आलते. ह्या पोरांवर माझा राग न्हाई. ते गेट टँकरला उघडतंय. मला न्हाई उघडलं. मी थांबा म्हणाले, कुणी ऐकलं न्हाई. त्या व्हिडिओत मी हसायलेय. ते हसणं खोटं हाय. मी कुणाचेच आभार मानणार न्हाई."

एक बाई "माय गं" म्हणाली. मग भाऊ म्हणाले, "ताई जरा भावूक झाल्या." साउंडवाल्यानं गाणं लावलं. शाली दुसऱ्याच कुणीतरी घातल्या. शबाना मागच्या रांगेतून उठून आली, न विचारता खुर्ची ढकलायला तिनं हात पुढं केला, आणि मागं घेतला. म्हणाली, "ढकलू का?" एवढ्या वर्षांत तिनं पहिल्यांदा विचारलं. मी हो म्हणाले. ब्रेक सोडले.

पुढं काय झालं ते चांगलं नाही. दादाचा गाडा चौकातून हलला. आता तो आतल्या गल्लीत उभा असतो, तिथं गिऱ्हाईक कमी. दादा माझ्याशी कामापुरतं बोलतो. वहिनी वेणी घालून देते, पण गप्प असते. मी बोलले आणि किंमत दादानं मोजली, हे मी विसरत नाही. पण तरी मला पश्चात्ताप होत नाही. करून पाहिला, होत नाही.

बागेचे पाईप जागेवर आहेत. भाऊंच्या माणसानं निरोप पाठवला, "यायच्या आधी वॉचमनला फोन करत जा, मोठं गेट उघडून ठेवू." मी विचारलं, बागेत फोन करून कोण जातं? तो म्हणाला, "ताई, तुमचं समाधान कशानंच होत न्हाई." बरोबर आहे. अशानं होत नाही.

मी दर रविवारी जाते. आत नाही, पाईपांपर्यंत. पहिल्या वळणापाशी खुर्ची लावते आणि बसते. पाईप काढा म्हणून महापालिकेत अर्ज दिलेत, ते देतच राहीन, पण अर्ज कागदावर असतो आणि मी रस्त्यात असते. वॉचमन वैतागतो. लोकांना माझ्या बाजूनं अंग आणखी चोरून जावं लागतं, तेही वैतागतात. परवा वॉकर घेतलेले एक आजोबा आले, पाईप बघितले आणि नातवाला म्हणाले, "तू जा, मी हितंच बसतो." ते माझ्या शेजारी कट्ट्यावर बसले. एक बाई लेकराची ढकलगाडी घेऊन आली आणि तीही अडकली. हे लोक आधीही येत असतील. परत जात असतील. कुणी बघितलं नसेल एवढंच.

मी थकले आहे. हे मी लपवत नाही. दर रविवारी घरून निघताना वाटतं, आज नको, पडून राहावं. तहान लागलेली असते, पाठ दुखते. शबानालाही घर आहे, ती किती दिवस येईल? पण मी आता परत जाणार नाही, आणि हसणार तर नाहीच. दर रविवारी कुणीतरी बाह्या सारून पुढं येतंच. चेहऱ्यावर दया, हात तयार. "ताई, चला, उचलतो."

मी ब्रेक लावते. त्याच्या डोळ्यांत बघते. आणि म्हणते, हात लावायचाच असेल तर त्या पाईपला लावा.