झाडांपुरतं पाणी

सासूबाईंनी देवांवरची फुलं उचलून कचऱ्यात टाकली आणि देव पुन्हा धुवायला घेतले, तेव्हा मी डोंगरातल्या बैठकीला निघायच्या गडबडीत होते. मस्कतच्या बौशर भागातल्या आमच्या इमारतीसमोर रस्त्याच्या कडेला कण्हेर आणि सदाफुली लावलेली आहे. पुण्याहून आल्यापासून सासूबाई सकाळी फिरून येताना पिशवीभर फुलं आणत. खालच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या भाभींनी त्यांना बोलता बोलता सांगितलं, की इथली सगळी हिरवळ गटाराच्या पाण्यावर वाढते.

"गटाराच्या नाही, आई. शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर," मी म्हणाले.

"म्हणजे आधी गटारच ना? झाडांना खुशाल घाला, माझं काही म्हणणं नाही. देवापर्यंत नको."

माझं डोकंच फिरलं. सांडपाणी शुद्ध करून वापरायच्या योजना आखणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, आणि माझ्याच घरात त्याची ही किंमत. मी तपासण्यांचे निकाल ऐकवले, आवाज चढवला. त्या शांतपणे मूर्ती पुसत राहिल्या. आमच्या दोघींच्या मध्ये न पडण्यात माझा नवरा तरबेज आहे, तो आंघोळीला गेला. मी दार आपटून बाहेर पडले.

त्या दिवसाच्या बैठकीवर सगळं अडलेलं होतं. डोंगरातून उतरणारी एक वादी, म्हणजे एरवी कोरडी असणारी नदी, आणि तिच्या काठाने तीन वस्त्या. तिन्हीकडे घरांमागे शोषखड्डे. त्यांतलं पाणी नदीच्या वाळूत झिरपायचं आणि तिथूनच विहिरींत उतरायचं. वरच्या वस्तीत पोरांची पोटं सारखी बिघडत होती. सगळं सांडपाणी नळाने किनाऱ्यावरच्या मोठ्या केंद्रापर्यंत न्यायचं तर खर्च परवडणार नव्हता. म्हणून मी दुसरी आखणी केली होती. प्रत्येक वस्तीत एक लहानसं शुद्धीकरण केंद्र, आणि शुद्ध झालेलं पाणी खजुराच्या बागांना. बागांपर्यंत ते नेण्यासाठी फलज होताच. फलज म्हणजे डोंगरातून पाणी आणणारा जुना पाट. जिथे तो बागेत शिरतो तिथे आमचं पाणी त्यात सोडायचं. वेगळे नळ टाकले नाहीत, तर तिन्ही वस्त्या मंजूर रकमेत जेमतेम बसत होत्या. फक्त गावकऱ्यांचा होकार हवा होता.

गाडी चालवणारा माझा ओमानी सहकारी बैठकीत दुभाषाही होणार होता. साहेबांचा निरोप त्याने वाटेत सांगितला. आज होकार आला नाही, तर यंदाचा निधी दुसऱ्या कामाला जाणार.

मजलिसमध्ये, म्हणजे गावाच्या बैठकीच्या दालनात, तिन्ही वस्त्यांचे लोक गालिच्यावर भिंतीला टेकून बसले होते. कहवा झाला, खजूर झाले. मी नकाशा उघडला आणि सहकारी माझं बोलणं अरबीत सांगत गेला. वरच्या वस्तीतला एक माणूस पहिल्यांदा बोलला. मस्कतला भारतीयांबरोबर दुकानात बरीच वर्षं काढल्यामुळे त्याला हिंदी येत होती. तो म्हणाला की आमच्याकडे लवकर या, काय अटी असतील त्या मान्य. मला हायसं वाटलं.

पण सगळे बघत होते मधल्या वस्तीच्या म्हाताऱ्या शेखांकडे. त्यांनी नकाशावर फलजच्या रेषेवर बोट ठेवलं. बागेत काम करणारी माणसं नमाजाआधी हातपाय इथेच धुतात, ते म्हणाले. मी पाण्याच्या शुद्धतेबद्दल सांगायला लागले. सकाळचीच वाक्यं माझ्या तोंडून पुन्हा बाहेर पडत होती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग सरळ माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. भाषांतर करायच्या आधी सहकारी माझ्याकडे सरकला.

"ते विचारतायत," तो हळूच म्हणाला, "तुमच्यातही पूजेआधी हात धुतात. तुमच्या घरी त्यासाठी हे पाणी चालेल का? मॅडम, जस्ट से यस."

मी काही सत्यवचनी बाई नाही. ऑफिसात वेळ मारून न्यायला मी रोज काहीबाही बोलते. हो म्हणायला काय लागत होतं? पण ओल्या फडक्याने मूर्ती पुसणारे सासूबाईंचे हात डोळ्यांसमोरून हलेनात, आणि म्हातारे शेख माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"नाही," मी म्हणाले. "आज सकाळीच माझ्या सासूबाईंनी या पाण्यावर वाढलेली फुलंसुद्धा देवावरून काढून टाकली. झाडांना चालेल म्हणाल्या."

सहकाऱ्याने कपाळाला हात लावला, पण भाषांतर शब्दाला शब्द केलं. मग शेखांनी मान डोलावली. तुझी सासू समजूतदार आहे, ते म्हणाले, आमचंही तेच म्हणणं आहे. झाडांना द्या, पण वेगळ्या नळाने. फलजला हात लावायचा नाही. खालच्या वस्तीनेही तेच मागितलं. तेवढ्या अटीवर दोघांनी होकार दिला.

मी तिथल्या तिथे कबूल केलं. तसा अधिकार मला नव्हता. सहकारी परतीच्या वाटेवर हसत होता, वाचलो म्हणत होता. मी मात्र नळांचे खर्च मनात जुळवत होते आणि ते जुळत नव्हते.

आकडे ऑफिसातही जुळले नाहीत. दोन वस्त्यांच्या वेगळ्या नळांनी वरच्या वस्तीचे पैसे खाल्ले. मी भांडले. सगळ्यात आधी वरची वस्ती घ्या, तिथली घाणच खाली उतरते, असं टेबलावर हात आपटून सांगितलं. साहेब म्हणाले, तिथे घरं सगळ्यात कमी, दर घरामागे खर्च सगळ्यात जास्त, यंदा ती वगळायची. योजना आखताना हाच हिशेब मी स्वतः कितीतरी ठिकाणी लावला होता, त्यामुळे तो मला नीट समजला आणि तितकाच झोंबला.

घरी सासूबाईंना वरची वस्ती वगळल्याचं सांगितलं. बैठकीतलं कळल्यापासून त्यांना वाटत होतं, गावानेही त्यांचंच म्हणणं धरलं म्हणून मी आता राग सोडेन.

"मग त्या वरच्यांनी काय प्यायचं?" त्यांनी विचारलं.

टँकर येतो, मी म्हणाले. कधी येतो, किती पुरतो, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात वरच्या वस्तीतल्या त्या माणसाचा फोन आला. मधल्या वस्तीत मोजमापं घ्यायला माणसं आलेली त्याने पाहिली होती, आणि आवाजात आनंद मावत नव्हता. "मॅडम, खलास?" त्याने विचारलं. अरबीत म्हणजे ठरलं ना, झालं ना. माझ्या मराठी कानाला त्या शब्दाचा दुसराच अर्थ ऐकू आला. इन्शाल्ला म्हणून मला वेळ मारून नेता आली असती. मी तसं केलं नाही. यंदा तुमची वस्ती नाही, हे सांगून टाकलं आणि का नाही तेही सांगितलं, फलजचं, वेगळ्या नळांचं, दर घरामागच्या खर्चाचं. त्याच्या मागे कुठेतरी पोरं खेळत होती.

"लेकिन मॅडम," तो म्हणाला, "हमने तो सबसे पहले हाँ बोला था."