अडचण कुणाची मोठी

शिकायला पैसे हवेत म्हटलं की लोक आधी वय विचारतात, मग लग्नाचं विचारतात, आणि शेवटी सांगतात की तुम्ही आमच्या नियमात बसत नाही. नियमात बसत नाही! जसं काही मी त्यांच्याकडे पाटावर बसायला गेले होते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी चिंचवडला, कामगारांच्या केसेस चालवणाऱ्या एका वकिलांकडे टायपिस्ट होते. साहेबांच्या खोलीबाहेर एक बाकडं होतं आणि बाकड्याला लागून माझं टेबल. कामावरून काढलेली माणसं त्या बाकड्यावर तासन् तास बसायची. बसून बसून कंटाळली की मला विचारायची, "बाई, आमचं काय हुईल हो?" त्यांचा अर्ज मीच टाइप केलेला असायचा. तरी मला सांगावं लागायचं, साहेबांना विचारा. हे वाक्य बोलून बोलून माझ्या जिभेला घट्टे पडले होते.

कामगार कायद्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम टपालानं करता यायचा. धडे घरी येणार, उत्तरं लिहून पाठवायची, परीक्षेपुरतं पुण्यात जायचं. नोकरी सोडायची गरज नाही. तो पुरा केला तर टाइपरायटरवरून उठवून मला केसेसच्या कामाला घेईन, असं साहेबांनी कबूल केलं होतं. मी लगेच म्हटलं, "मग फीसाठी उचल द्या, पगारातून कापा." साहेब हसले. "शिक की, कोण नको म्हणतंय? पण उचल मागू नकोस. तू शिकून दुसऱ्याकडे गेलीस तर?" म्हणजे विश्वास होता, पण फुकटातला.

वडील ज्या कंपनीत होते तिथल्या पतपेढीत मी गेले. तिथं सभासदाच्या पाल्याला शिक्षणासाठी कर्ज मिळायचं. सेक्रेटरींनी विचारलं, "तू काय करतेस?" मी अभिमानानं नोकरी सांगितली आणि तिथंच घात झाला. "कमावतेस ना? मग पाल्य कशी?" तिथून सरकारी सवलतीच्या कचेरीत गेले. तिथले कारकून म्हणाले, "रोज कॉलेजात हजेरी लागते का? नाही? मग विद्यार्थिनी कशी?" एकानं मला कमावती म्हणून हाकललं, दुसऱ्यानं शिकती नाही म्हणून. बसस्टॉपवर उभी राहून मी रडले. दुःखानं नाही, संतापानं. मला संताप आला की आधी डोळ्यांतूनच येतो.

फीची मुदत येत्या शनिवारी संपत होती. उरली फक्त भिशी.

आमच्या चाळीसमोर महिन्याच्या पहिल्या रविवारी, बायकांची विहारातली वंदना आटोपली की भिशी भरायची. वेगवेगळ्या कंपन्यांतले लोक होते तिच्यात, काही चिखलीकडचे, काही कुरुळीहून सायकल मारत येणारे. सगळ्यांनी सारखे पैसे घालायचे आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्यानं रक्कम उचलायची. पण आमच्या भिशीचा एक रिवाज होता. कुणाला अडचण असली तर चिठ्ठी न काढता त्याला द्यायची. मात्र ती अडचण त्यानं चारचौघांत, उभं राहून, स्वतःच्या तोंडानं सांगायची. लग्न चालायचं, दवाखाना चालायचा, मयत चालायची, पत्रा उडालेला चालायचा. शिक्षणासाठी आजवर कुणी उभं राहिलं नव्हतं.

भिशीतला नंबर आईच्या नावावर होता, माझ्या नाही. मी म्हटलं, "आई, तू बोल." आई म्हणाली, "नंबर माझा घे, पण तोंड तुझं वापर. ते माझ्यापेक्षा लांब आहे."

तर मी उभी राहिले. पुरुष सतरंजीवर, बायका ओट्यावर. भिशीचे प्रमुख म्हणजे चाळीतले सगळ्यांत जुने काका. त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कुणाला काय अडचण?" मी घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मला अडचण आहे."

आता अडचण म्हणजे पुरुषांच्या तोंडी एक आणि बायकांच्या तोंडी दुसरीच, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बायका महिन्याच्या त्या चार दिवसांना अडचणच म्हणतात. सतरंजीवरच्या माना एकदम खाली गेल्या. कुणी विडी शोधायला लागलं, कुणी आभाळ बघायला लागलं. काका तर चपलेशीच बोलले, "अगं पोरी, मग आईला सांगायचं. इथं कशाला आलीस?" ओट्यावर बायका पदरात तोंड घालून खुसखुसत होत्या. त्यांत माझी आई सगळ्यांत पुढं.

"अहो, ती नाही!" मी ओरडले. "पैशाची! पैशाची अडचण आहे मला!"

मग जो हशा पिकला म्हणता! पण त्या हशानंच माझी भीड चेपली. आधीच एवढी शोभा झाल्यावर आणखी काय व्हायचं राहिलं होतं? मी सगळं सांगितलं. टपालाचे धडे, शनिवारची मुदत, पतपेढी, कचेरी. एकजण म्हणाला, "राव, शिकणं ही काय अडचण झाली?" मी म्हटलं, "भाऊ, शिकले नाही तर जन्मभर दुसऱ्याचं टाइप करत राहीन. ही अडचण नाही तर काय चैन आहे?" दोघा-तिघांनी माना डोलावल्या. काका आता द्या म्हणणार एवढ्यात चिखलीचे एक भाऊ उठले. जुन्या शेतकरी घरातले, मोशीच्या बाजूच्या एका कारखान्यात मशीनवर होते. मान खाली घालूनच बोलले, "मला बी पायजे हाय. पोरीचं लगीन काढलंय."

लग्न म्हटल्यावर वारं फिरलंच. लग्नापुढं टपालाच्या धड्यांचा काय पाड! मला माझी फी जाताना डोळ्यांसमोर दिसली. मग माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. इतकी वर्षं साहेबांची उलटतपासणी टाइप करत होते, ती सगळी तोंडाशी आली.

"भाऊ, तारीख धरली का?"

"न्हाई. धरायची हाय."

"मुलगा कुठला?"

"बगतोय. दोन ठिकाणी बोलनं चाललंय."

"म्हणजे मुलगा नाही, तारीख नाही. मग अडचण आजची कशी? मुलगा ठरला की पुढची भिशी आहेच तुम्हाला. माझी मुदत शनिवारी संपते."

 भाऊंनी एकदा माझ्याकडे बघितलं, "व्हय, त्ये बी खरंच हाय" म्हणाले आणि खाली बसले. सतरंजीवरून कुणी तरी ओरडलं, "वकिलीणबाई!" टाळ्या पडल्या. काकांनी रक्कम आईच्या पदरात घातली. मला असा आनंद झाला होता की चाळीच्या पत्र्यावर चढून नाचावंसं वाटत होतं. पहिली केस, आणि तीही जिंकली!

भिशी उठली. दिवेलागणीला मी नळावर कळशी घेऊन गेले, तर भाऊ तिथं सायकल धरून उभे. मला वाटलं, भांडायला थांबलेत. मी कमरेवर हात ठेवून तयारच झाले.

"पोरी," ते म्हणाले, "एक इचारू का? वकिलाच्या हापिसात असतीस म्हनून इचारतो. गेटवरनं आत घेत न्हाईत मला. तीन आठवडं झालं."

मला काही कळेना. रोज सकाळी त्यांची सायकल आमच्या चाळीवरून जायची. हँडलला डबा लटकलेला असायचा. मी म्हटलं, "पण तुम्ही तर रोज..."

"घरी ठावं न्हाई कुनाला. डबा घेऊन निगतो, नदीवर जाऊन बसतो. लोकांना कळायच्या आत पोरीचं उरकून टाकायचं व्हतं. काम गेलेल्याच्या पोरीला कोन करून घेतंय? खरी अडचन ही व्हती. पन चारचौघांत कशी सांगायची, तूच सांग."

माझ्या हातातली कळशी नळाखाली भरून वाहायला लागली. सगळ्यांसमोर त्यांना मी विचारलेले ते प्रश्न आठवले. मुलगा नाही, तारीख नाही. कसली हुशारी ती! जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. मी म्हटलं, "भाऊ, थांबा. आईकडून पैसे आणते. तुम्ही घ्या."

"नगं," ते म्हणाले. मी दोनदा म्हटलं, त्यांनी दोनदा मान हलवली. "त्या पैशानं लगीन हुईल, काम न्हाई यायचं परत. मी उद्या येतो तुझ्या हापिसात. काय करता येतंय ते बग."

"एकटे कशाला, सकाळी माझ्याबरोबरच चला," मी म्हटलं. "साहेबांना मी सांगते. पण केसला वेळ लागेल, भाऊ. वर्ष लागेल, जास्तही लागेल."

त्यांनी सायकलवर टांग टाकली. "आन् तुला शिकायला किती लागनार?"

"दोन वर्षं."

एक पाय जमिनीवर टेकून ते थांबले. मग म्हणाले, "आमच्या कारखान्यातनं अजून बरेच जन निगनारेत. जरा लवकर शीक, पोरी."